क्लॉजची फ्रेज करायची तर कोणतं पुस्तक घ्यावं? रेन-मार्टिन, मर्फी आणि अझार

'हिअरिंग द न्यूज, हिज आइज फिल्ड विथ टिअर्स.' मराठी कानाला या वाक्यात काहीच खटकत नाही. 'बातमी ऐकून त्याचे डोळे भरून आले' असं आपण बेधडक म्हणतो आणि ते अस्सल मराठी आहे. इंग्रजीत मात्र इथे बातमी ऐकली ती डोळ्यांनी! 'व्हेन ही हर्ड द न्यूज, हिज आइज फिल्ड विथ टिअर्स' हे मूळचं मिश्र वाक्य बिनचूक होतं. ते आखूड करताना 'ही' गळला आणि ऐकण्याचं काम समोर जो कर्ता सापडला त्याच्या गळ्यात पडलं.

गौणवाक्य (क्लॉज, म्हणजे स्वतःचा कर्ता आणि क्रियापद असलेला वाक्याचा भाग) आखूड करून त्याची फ्रेज (कर्ता-क्रियापदाची पूर्ण जोडी नसलेला शब्दसमूह) करायची, हे काम बारावीच्या 'डू ॲज डायरेक्टेड'पासून स्पर्धा परीक्षेतल्या 'चूक शोधा'पर्यंत आणि तिथून ऑफिसच्या ईमेलपर्यंत सगळीकडे लागतं. त्यासाठी आपल्याकडे तीन पुस्तकं हमखास सुचवली जातात: रेन आणि मार्टिन यांचं 'हायस्कूल इंग्लिश ग्रामर अँड कॉम्पोझिशन', रेमंड मर्फी यांचं 'इंग्लिश ग्रामर इन यूज' आणि बेट्टी अझार यांचं 'अंडरस्टँडिंग अँड यूझिंग इंग्लिश ग्रामर'. तिन्ही व्याकरणाची भरगच्च पुस्तकं आहेत. इथे पाहायचं ते एवढंच, की क्लॉजची फ्रेज करायला ती किती नीट शिकवतात, आणि डोक्यात मराठी घोळवत वाचणाऱ्याला कुठे तोंडघशी पाडतात. (इंग्रजी वाक्यं देवनागरीत आहेत, तेव्हा मोठ्याने वाचलेली बरी.)

रेन-मार्टिन: साठा मोठा, पण जुना-नवा एकाच पोत्यात

यातले रेन म्हणजे फ्रेंच परदेशी पलटणीवरच्या कादंबऱ्यांनी गाजलेले पी. सी. रेनच. ते मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते, त्यामुळे हे पुस्तक पहिल्यापासून हिंदुस्थानी विद्यार्थी नजरेसमोर ठेवून लिहिलेलं आहे. १९३०च्या दशकातलं मूळ पुस्तक पुढे एन. डी. व्ही. प्रसाद राव यांनी सुधारलं. आपल्या विषयाचा माल दोन प्रकरणांत आहे, ट्रान्सफॉर्मेशन आणि सिंथेसिस. सिंथेसिसमध्ये दोन सुटी वाक्यं एका केवल वाक्यात आणायच्या सहा वाटा दिल्या आहेत. पार्टिसिपल (क्रियापदाचं विशेषणासारखं वापरलेलं रूप): 'हॅविंग लॉस्ट हिज तिकीट, ही गॉट ऑफ द बस'. ॲपोझिशन (नामाशेजारी त्याची ओळख देणारं दुसरं नाम): 'माय अंकल, अ टीचर इन सांगली, टॉट मी चेस'. प्रीपोझिशन आणि जेरंड (नामासारखं वापरलेलं 'आयएनजी' रूप): 'आफ्टर पेइंग द बिल, शी लेफ्ट'. ॲब्सोल्यूट रचना (स्वतःचा वेगळा कर्ता असलेली फ्रेज): 'द रेन हॅविंग स्टॉप्ड, द मॅच बिगॅन अगेन'. इन्फिनिटिव्ह ('टु' लावलेलं क्रियापद): 'आय हॅव टू लेटर्स टु राइट'. आणि शेवटी क्रियाविशेषण: 'अनफॉर्च्युनेटली, ही फेल्ड'. (उदाहरणं इथे नवीन घेतली आहेत, वाटा पुस्तकातल्या.)

एवढा पल्ला बाकीच्या दोघांत एकत्र मिळत नाही. परीक्षेतला प्रश्न ज्या साच्यात येतो तोच साचा इथे आहे, म्हणून बारावीला हे पुस्तक सुटत नाही. पार्टिसिपल चुकीच्या कर्त्याला चिकटण्याबद्दलचा इशाराही स्पष्ट आहे. फाटकाशी उभ्या राहिलेल्या विंचवाचं ते वाक्य, 'स्टँडिंग ॲट द गेट, अ स्कॉर्पिअन स्टंग हिम', एकदा वाचलं की जन्मभर विसरत नाही.

अडचण आहे ती सहाही वाटांना एकाच तराजूत तोलण्याची. ॲब्सोल्यूट रचना आजच्या इंग्रजीत बोलताना जवळजवळ कुणी वापरत नाही. 'द ऑफिस बीइंग क्लोज्ड, आय कुड नॉट सबमिट द फॉर्म' हे व्याकरणाला धरून आहे, पण ईमेलमध्ये ते सोवळं नेसून आल्यासारखं वाटतं. तिथे सरळ 'ॲज द ऑफिस वॉज क्लोज्ड' लिहावं, फ्रेजच्या मागे लागू नये. या रचनेचं आज जिवंत असलेलं रूप म्हणजे पुढे 'विथ' लावून केलेलं: 'विथ द फॅन रनिंग अँड द लाइट्स ऑन, ही फेल अस्लीप'. 'पंखा चालू, दिवे चालू, आणि हा झोपला' असं जे आपण म्हणतो, ते नेमकं हेच.

ॲब्सोल्यूट घोटून घेतल्याचा एक तोटाही होतो. विद्यार्थी 'बीइंग संडे, आय वॉज ॲट होम' लिहितो, म्हणजे रविवार तो स्वतःच. 'रविवार असल्याने मी घरी होतो' या मराठीत रविवाराला वेगळा कर्ता लागत नाही, इंग्रजीत लागतो: 'इट बीइंग संडे, आय वॉज ॲट होम'. ते 'इट' हमखास राहून जातं.

अझार: नामाला चिकटलेल्या क्लॉजसाठी सगळ्यांत नेटकं

अझारची पुस्तकं रंगावरून ओळखतात. लाल सुरुवातीचं, काळं मधलं आणि निळं वरचं. आपल्याला हवं ते निळं. ते पहिल्यांदा १९८१ साली आलं. पाचव्या आवृत्तीवर (२०१७) स्टेसी हेगन यांचंही नाव आहे आणि प्रकाशक पिअरसन. ॲडजेक्टिव्ह क्लॉजच्या (नामाचं वर्णन करणाऱ्या) प्रकरणात त्याच्या संक्षेपाला स्वतंत्र तक्ता आहे, आणि ॲडव्हर्ब क्लॉजच्या (वेळ, कारण वगैरे सांगणाऱ्या) संक्षेपाला तर १८वं प्रकरण आख्खं दिलं आहे. एवढी जागा देणारं या तिघांत हे एकच.

ॲडजेक्टिव्ह क्लॉजची रीत अशी. 'हू', 'विच', 'दॅट' हा त्या क्लॉजचा कर्ता आहे का, हे पहिल्यांदा पाहायचं. 'द बुक विच आय बॉट' मध्ये कर्ता 'आय' आहे, म्हणून इथे फ्रेज होत नाही. फार तर 'विच' काढून 'द बुक आय बॉट' म्हणता येतं. कर्ता असेल तर पुढे 'बी'चं रूप (इज, वॉज वगैरे) आहे का ते पाहायचं. असेल तर दोन्ही उडवायचे: 'द गर्ल हू इज स्टँडिंग निअर द डोअर' मधून 'द गर्ल स्टँडिंग निअर द डोअर', 'द लेटर विच वॉज रिटन इन मराठी' मधून 'द लेटर रिटन इन मराठी'. 'बी' नसेल तर 'हू' काढून क्रियापदाला 'आयएनजी': 'अ बॉक्स विच कंटेन्स ओल्ड कॉइन्स' मधून 'अ बॉक्स कंटेनिंग ओल्ड कॉइन्स'.

ही तिसरी पायरी यंत्रासारखी वापरली की गाडी रुळावरून घसरते. 'द बॉय हू ब्रोक द विंडो वॉज फाइन्ड' चं 'द बॉय ब्रेकिंग द विंडो वॉज फाइन्ड' होत नाही. काच फुटून गेली, दंड नंतर झाला. 'आयएनजी' तिथे चालतं जिथे गुणधर्म, सवय, स्थिती किंवा मुख्य वाक्याच्या वेळी चालू असलेली क्रिया आहे. एकदाच घडून संपलेल्या गोष्टीला 'हू ब्रोक' तसंच ठेवावं लागतं. 'बॉय हॅविंग ब्रोकन' हाही उपाय नव्हे, कारण 'हॅविंग'वालं पार्टिसिपल नामाला असं मागून चिकटत नाही. आपल्याकडच्या नोकरीच्या जाहिरातींत 'कँडिडेट्स हॅविंग पास्ड' इतकं दिसतं की ते बरोबरच वाटायला लागलंय. 'कँडिडेट्स हू हॅव पास्ड' लिहावं. 'कँडिडेट्स हॅविंग अ डिग्री' चालतं, कारण तिथे 'हॅविंग' म्हणजे नुसतं 'असलेले'.

मराठी माणसाला या भागात खरं तर आघाडी मिळायला हवी. -णारा, -लेला, -त असलेला, -आयचा ही आपली धातुसाधितं हेच काम दिवसभर करतात. पूल घ्या. 'बांधलेला पूल' म्हणजे 'द ब्रिज बिल्ट', 'बांधला जात असलेला पूल' म्हणजे 'द ब्रिज बीइंग बिल्ट', 'बांधायचा पूल' म्हणजे 'द ब्रिज टु बी बिल्ट'. तीन रूपांना तीन रूपं, चोख. अझारमध्ये 'बीइंग' नेमका कुठे घालायचा यावर अडणाऱ्याने मनात 'बांधला जात असलेला' म्हणून पाहावं, अडचण सुटते.

फरक दोन. एक जागेचा. आपलं धातुसाधित कितीही लांब असलं तरी नामाच्या आधी बसतं: 'दाराजवळ छत्री घेऊन उभी असलेली मुलगी'. इंग्रजीत एकटं विशेषण आधी आणि शेपूट असलेलं मागे. 'अ ब्रोकन चेअर', पण 'अ चेअर ब्रोकन इन द मूव्ह'. 'द मॅन हू इज रिच' चं 'द मॅन रिच' होत नाही, 'द रिच मॅन' होतं. 'अ बकेट फुल ऑफ वॉटर' मात्र मागेच राहतं, कारण शेपूट आहे.

दुसरा फरक जास्त महागात पडतो, आणि तो आहे -लेला मध्ये. मराठीत सकर्मक, अकर्मक, सगळ्यांना -लेला लागतो: 'लिहिलेलं पत्र', 'आलेले पाहुणे'. इंग्रजी पास्ट पार्टिसिपल नामाला चिकटतं ते बहुतेक कर्मणी अर्थाने. म्हणून 'लिहिलेलं पत्र' सहज 'द लेटर रिटन' होतं आणि 'मुंबईहून आलेला माणूस माझा मामा आहे' चं होतं 'द मॅन केम फ्रॉम मुंबई इज माय अंकल'. ही चूक शाळेच्या वह्यांत पानोपानी सापडते. विद्यार्थी 'हू' गाळतो, कारण मराठी 'आलेला' मध्ये 'जो' ऐकूच येत नाही. 'द मॅन कमिंग फ्रॉम मुंबई' केलं तर माणूस अजून वाटेत आहे. इथे 'हू केम' ला पर्याय नाही. 'फॉलन लीव्ह्ज', 'अ रिटायर्ड टीचर' अशी थोडी अकर्मक पार्टिसिपल्स रुळलेली आहेत, ती शब्दासारखी पाठच करावीत. 'केम', 'वेंट', 'हॅपन्ड', 'डाइड' यांना हात लावू नये. 'काल घडलेला अपघात' म्हणजे 'द ॲक्सिडेंट दॅट हॅपन्ड यस्टर्डे', किंवा त्याहून सुटसुटीत 'यस्टर्डेज ॲक्सिडेंट'.

हे अझारमध्ये शोधून सापडणार नाही आणि त्यात अझारचा दोष नाही. पुस्तक सगळ्या जगासाठी आहे.

ॲपोझिशनचा भाग छोटा पण व्यवस्थित आहे. 'माय ब्रदर, हू इज अ डॉक्टर इन सातारा, हॅज कम' मधून 'हू इज' गेलं तरी दोन्ही स्वल्पविराम जागच्या जागी राहतात. आपल्याकडे दुसरा स्वल्पविराम गाळायची खोडच आहे.

कर्ता एक की दोन?

१८व्या प्रकरणाचा पाया एकच: गौणवाक्याचा कर्ता आणि मुख्य वाक्याचा कर्ता एक असेल तरच फ्रेज. नसेल तर 'बदल शक्य नाही' असं पुस्तक उदाहरणासकट स्पष्ट सांगतं, आणि सरावातही न बदलणारी वाक्यं मध्येच पेरून ठेवतं. हे फार चांगलं केलंय. ज्या पुस्तकात प्रत्येक वाक्य बदलायचंच असतं, तिथे नियम शिकला जात नाही, नुसती कात्री चालते.

कृती अशी. दोन्ही कर्त्यांखाली पेन्सिलने रेघ मारा. एकच आहेत? मग गौणवाक्यात नाव आणि मुख्य वाक्यात सर्वनाम असेल तर नाव मुख्य वाक्यात न्या. गौणवाक्याचा कर्ता काढा. 'बी' असेल तर काढा, नसेल तर क्रियापदाला 'आयएनजी'. 'व्हाइल मीना वॉज वेटिंग फॉर द बस, शी रेड द होल चॅप्टर' हे 'व्हाइल वेटिंग फॉर द बस, मीना रेड द होल चॅप्टर' होतं. मीना पुढे सरकली नाही तर वाक्यात कोण वाट पाहत होतं तेच कळत नाही, आणि हीच पायरी घाईत सुटते.

पुढचा प्रश्न जोडशब्दाचा, आणि इथे नीट लक्ष द्यावं. 'आफ्टर', 'बिफोर', 'व्हाइल', 'व्हेन' आणि काळ दाखवणारा 'सिन्स' ठेवता येतात. कारण दाखवणारे 'बिकॉज', 'ॲज' आणि कारणाचा 'सिन्स' काढावेच लागतात. 'बिकॉज फीलिंग टायर्ड, शी वेंट टु बेड' ही 'दमल्यामुळे' मधला '-मुळे' हातातून सोडवत नसल्याची चूक आहे. इंग्रजीत कारण नुसत्या 'फीलिंग टायर्ड' मधूनच कळतं. 'सिन्स कमिंग टु पुणे, ही हॅज चेंज्ड थ्री जॉब्स' यातला 'सिन्स' काळाचा, तो राहिला. 'सिन्स ही हॅड नो मनी, ही वॉक्ड होम' यातला कारणाचा, तो गेला: 'हॅविंग नो मनी, ही वॉक्ड होम'. 'ॲज सून ॲज' ला 'आयएनजी' लागत नाही. तिथे 'ऑन' किंवा 'अपॉन' घ्यायचा: 'ऑन रीचिंग द स्टेशन, ही कॉल्ड होम'. आपल्या 'पोचताच' ला याहून जवळचं काही नाही.

'आफ्टर' काढून टाकला तर आधी-नंतर दाखवायला 'हॅविंग' लागतो. दोन्ही ठेवले, 'आफ्टर हॅविंग फिनिश्ड', तर चूक नाही, पण एकच गोष्ट दोनदा सांगितली. नकार नेहमी पुढे: 'नॉट नोइंग द वे, वी आस्क्ड अ पोलीसमन'. 'नोइंग नॉट' नव्हे. आपणही 'न विचारता', 'न सांगता' म्हणतो, 'विचारता न' म्हणत नाही, त्यामुळे हे लक्षात ठेवायला कष्ट नाहीत. 'दो', 'इफ', 'अनलेस', 'वन्स', 'अन्टिल' यांच्या पुढे बहुधा विशेषण किंवा पास्ट पार्टिसिपल येतं: 'इफ नेसेसरी', 'अनलेस आस्क्ड', 'वन्स ओपन्ड, कीप इन अ कूल प्लेस'. औषधाच्या बाटलीवर आणि मसाल्याच्या पाकिटावर हाच प्रकार छापलेला असतो. शेवटचं वाक्य काटेकोरपणे पाहिलं तर लोंबकळणारंच (फ्रेज चुकीच्या कर्त्याला चिकटलेलं) आहे, पण लेबलवर ते खपून जातं.

मर्फी: पहिली ओळख करून द्यायला

मर्फीचं पुस्तकही निळंच, केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेसचं. पहिली आवृत्ती १९८५ची, पाचवी २०१९ची. १४५ युनिटं, डाव्या पानावर समजावणी आणि उजव्या पानावर सराव. आपल्या कामाची दोन: ६८वं 'आयएनजी' क्लॉजवर आणि ९७वं नामामागे येणाऱ्या 'आयएनजी' व 'ईडी'वर. नावात दोन्हीकडे क्लॉजच म्हटलंय, फ्रेज नाही. गोंधळू नका. नव्या व्याकरणात क्रियापदाचं कुठलंही रूप असलं की त्याला क्लॉज म्हणायची पद्धत आहे. रेन-मार्टिन आणि अझार ज्याला फ्रेज म्हणतात तीच ही वस्तू. परीक्षेत 'फ्रेज' लिहा.

दोन पानांत जे मावतं ते मर्फी फार स्वच्छ सांगतो: एकाच वेळी घडणाऱ्या गोष्टी, आधी घडलेली गोष्ट आणि 'हॅविंग', कारण दाखवणारं 'आयएनजी', नकार. भाषा सोपी, शब्द रोजचे. हे बोलण्यापेक्षा लिहिण्यात जास्त येतं, हेही सांगतो. रेन-मार्टिनमध्ये नेमकं हेच हवं होतं. पण मर्फी क्लॉजमधून फ्रेज कशी काढायची ते पायरीपायरीने दाखवत नाही, तयार फ्रेज ओळखायला आणि वापरायला शिकवतो. ज्याला 'रिराइट यूझिंग प्रेझेंट पार्टिसिपल' सोडवायचंय त्याला एवढ्यावर भागत नाही. ज्याला इंग्रजी वाचताना अडखळायचं नाही, त्याला पुरतं.

जे तिघांत नाही

आता डोळ्यांनी बातमी ऐकण्याच्या गोष्टीकडे परत.

मराठीत जोडकामाची तीन मुख्य रूपं: -ऊन, -ताना, -ल्यावर. यातल्या -ताना आणि -ल्यावर यांना कर्ता एकच असण्याची अट नाही. 'पोळ्या करताना गॅस संपला', 'घरी आल्यावर पाऊस सुरू झाला'. दोन्ही बिनतोड मराठी. ती जशीच्या तशी उचलली की 'मेकिंग चपातीज, द गॅस रॅन आउट' होतं आणि पोळ्या गॅस लाटतो. लोंबकळणाऱ्या पार्टिसिपलच्या आपल्या चुका बहुतेक याच दोन प्रत्ययांच्या दारातून येतात. उपाय दोन. एक म्हणजे क्लॉज तसाच ठेवणं: 'व्हाइल शी वॉज मेकिंग चपातीज, द गॅस रॅन आउट'. दुसरा म्हणजे मुख्य वाक्याचा कर्ता बदलणं: 'मेकिंग चपातीज, शी फाउंड द गॅस हॅड रन आउट'. पहिला बरा. नुसतं 'व्हाइल' पुढे लावून, 'व्हाइल मेकिंग चपातीज, द गॅस रॅन आउट', चूक सुधारत नाही, पण तसं वाटतं मात्र खरं.

-ऊन वेगळा आहे. त्याला सहसा दोन्हीकडे कर्ता एकच लागतो, अगदी इंग्रजी पार्टिसिपलसारखा. म्हणून एक चाचणी: फ्रेज करण्याआधी वाक्य मनात -ऊन लावून म्हणा. 'पोळ्या करून गॅस संपला'? कान लगेच नाही म्हणतो. थांबा, क्लॉज ठेवा. 'पैसे देऊन ती निघाली'? चालतं. पुढे जा. वर्गात ही चाचणी 'सब्जेक्ट सेम पाहिजे' हे दहा वेळा सांगण्यापेक्षा लवकर रुजते.

चाचणीला तीन भोकं आहेत आणि ती माहीत नसतील तर चाचणीच फसवते.

पहिलं, मराठीत अनुभव घेणारा चतुर्थीत जातो आणि -ऊन त्यालाही कर्ता मानतो. 'त्याला पाहून मला आनंद झाला', 'दमून मला झोप लागली'. पाहिलं मीच, पण वाक्याचा व्याकरणातला कर्ता आनंद. इंग्रजीत आनंदाला कर्ता ठेवलं तर आनंदच पाहणारा होतो. 'मला'चं आधी 'आय' करायचं: 'सीइंग हिम, आय वॉज डिलाइटेड'.

दुसरं, शरीराचे अवयव. 'ऐकून त्याचे डोळे भरून आले', 'ते बघून माझे पाय थरथरले'. मराठीला माणूस आणि त्याचे डोळे वेगळे वाटत नाहीत, इंग्रजीला वाटतात. इथे फ्रेजचा मोह सोडून 'व्हेन ही हर्ड' लिहावं.

तिसरं, निसर्गातल्या घटना आणि लोटलेला काळ. 'पाऊस पडून रस्ते खराब झाले', 'लग्न होऊन दहा वर्षं झाली'. कर्ते दोन असूनही -ऊन शोभतो. पहिल्याला इंग्रजीत नामच पुरतं, 'द रेन डॅमेज्ड द रोड्स'. दुसऱ्याचा साचाच निराळा: 'दे हॅव बीन मॅरिड फॉर टेन इयर्स'.

आणखी एक. -ऊन कर्ता तपासायला वापरायचा, भाषांतराला नाही. आपण क्रमाने केलेल्या साध्या कामांनाही -ऊन लावतो: 'हात धुऊन जेवायला बस', 'पुण्याला जाऊन त्याला भेटलो'. त्याचं 'हॅविंग गॉन टु पुणे, आय मेट हिम' केलं तर चूक नाही, पण कुणी असं बोलत नाही. 'आय वेंट टु पुणे अँड मेट हिम'. तिथे साधा 'अँड' बरा.

नामवाक्यं आणि 'टू-टु'

नाउन क्लॉजचा भाग तिन्ही पुस्तकांत वेगवेगळ्या प्रकरणांत विखुरलेला आहे. फार अवघड नाही. 'आय डोन्ट नो व्हॉट आय शुड डू' मधून 'व्हॉट टु डू', 'आय होप दॅट आय विल पास' मधून 'आय होप टु पास'. फक्त 'सजेस्ट' सांभाळा. 'ही सजेस्टेड मी टु गो' होत नाही, 'सजेस्टेड दॅट आय गो' किंवा 'सजेस्टेड गोइंग'.

'सो-दॅट' चं 'टू-टु' करताना हमखास गुण जातो तो शेवटच्या 'इट'मुळे. 'द बॉक्स इज सो हेवी दॅट आय कॅनॉट लिफ्ट इट' चं उत्तर 'द बॉक्स इज टू हेवी फॉर मी टु लिफ्ट', पुढे 'इट' नाही. बॉक्स आधीच कर्ता म्हणून येऊन गेला. आणि 'नॉट'ही जातो, कारण 'टू' च्या पोटातच नकार आहे.

कोणी काय घ्यावं

हाच विषय पक्का करायचा असेल तर अझारचं निळं. इंग्रजी अजून डळमळीत असेल तर त्याआधी मर्फीची ९७ आणि ६८ ही युनिटं, याच क्रमाने. नामाचा संक्षेप आधी बसला की क्रियाविशेषणाचा सोपा जातो. बारावीला किंवा स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्याने रेन-मार्टिनमधलं ट्रान्सफॉर्मेशन आणि सिंथेसिस सगळं सोडवावं, पण ॲब्सोल्यूट फक्त परीक्षेपुरतं ठेवावं. एकच पुस्तक घ्यायची ऐपत असेल आणि परीक्षा डोक्यावर असेल तर रेन-मार्टिन. परीक्षा नसेल तर अझार.

घेताना मुखपृष्ठ नीट वाचा. मर्फीची 'विथ आन्सर्स' आणि 'विदाउट आन्सर्स' अशा दोन्ही प्रती मिळतात. घरी एकट्याने शिकणाऱ्याला दुसरी कुचकामी. अमेरिकन आवृत्ती 'ग्रामर इन यूज इंटरमीजिएट' नावाने वेगळी आहे, तिच्यात युनिटांचे क्रमांक वर दिलेत तसे जुळणार नाहीत. रेन-मार्टिनची उत्तरं मुख्य पुस्तकात नसतात, 'की' वेगळी घ्यावी लागते. अझारच्या नव्या आवृत्त्यांत जोडीने आणि गटाने करायचा सराव बराच आहे. एकट्याने करणाऱ्याने तो सोडून तक्त्यांखालचा लेखी सराव घ्यावा, आणि दोन्ही कर्त्यांखाली रेघ मारायला पेन्सिल जवळ ठेवावी.